तीन क्रमांकाची डिस्क

भूजल मोजणी कार्यालयाच्या सर्व्हरने सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शिट्टी वाजवायला सुरुवात केली. कार्यालयाची वेळ दहाची असल्यामुळे अकरा दहाला बहुतेक कर्मचारी नुकतेच येऊन टेकले होते, आणि आल्या आल्या कानाशी असले काही सुरू होणे कोणालाच आवडले नाही. शिट्टी दर पाच सेकंदांनी वाजत होती. पहिल्या तासाभरात तिच्याविषयी चौदा तक्रारी आल्या. चौदाही तक्रारी आवाजाच्या होत्या.

हा सर्व्हर म्हणजे छोट्या फ्रिजएवढी एक पेटी. तिच्यात आठ डिस्क ओळीने बसवलेल्या होत्या आणि कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर दिसणाऱ्या फायली प्रत्यक्षात याच पेटीत राहत होत्या. रचना अशी की माहिती आठही डिस्कांवर वाटून ठेवायची. एखादी डिस्क गेली तर उरलेल्या सात तिचा भार उचलतात. आठ जण लोखंडी कपाट घेऊन जिना चढत असावेत तसे हे आहे. एकाचा हात सुटला तर सात जण कसेबसे रेटतात. दुसऱ्याचा सुटला की कपाट खाली येते, आणि मग कोणाचा हात आधी सुटला यावर चर्चा करायला सगळ्यांना भरपूर वेळ मिळतो. शिट्टीचा अर्थ एवढाच होता की पहिला हात सुटला आहे.

हे ज्या एका माणसाला कळत होते त्याला कार्यालयात वायरमन म्हणत. तो संगणकाचा तंत्रज्ञ होता. पण मंजूर पदांच्या यादीत संगणकाचे पद नव्हते आणि वायरमनची एक जागा रिकामी होती, म्हणून त्याला तिथे बसवले होते. दर वर्षी त्याला एक पक्कड आणि रबरी हातमोज्यांचा जोड मिळत असे. तो त्यावर सही करत असे.

"साहेब, एक डिस्क गेलीये," वायरमन साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाला.

"आधी ती शिट्टी बंद करा."

"साहेब, शिट्टी हा आजार नाही. आजार झालाय हे सांगणारी ती आहे."

"सांगितलं ना तिने? आपण ऐकलं ना? मग आता गप्प बसायला काय होतं तिला?"

या युक्तिवादाला तंत्रशास्त्रात उत्तर नाही. वायरमनने खाली जाऊन शिट्टी बंद करण्याचे बटण दाबले. दुपारी परिपत्रक निघाले की सर्व्हरमधील दोष युद्धपातळीवर दूर करण्यात आला असून सर्व संबंधितांनी दाखवलेल्या सहकार्याबद्दल कार्यालय आभारी आहे. मात्र गेलेल्या डिस्कसमोरचा लाल दिवा तसाच जळत राहिला. सर्व्हरची खोली काचेची होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना तो दिवा दिसत होता. त्यामुळे गैरसमज पसरू नये म्हणून स्वच्छता विभागाने त्यावर पांढरी पट्टी चिकटवली. पट्टीवर सुबक अक्षरात 'सुस्थितीत' असे लिहिले होते.

वायरमनने रीतसर अर्ज केला. कार्यालयात कुठलीही वस्तू बदलायची तर 'यंत्रसामग्री बदल मागणी' नावाचा चार पानी अर्ज भरावा लागतो, आणि तो हेडक्लार्ककडे जातो. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हता. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत, आणि कोणाच्याही घरी कोणी आजारी असेल तर तो आवर्जून विचारपूस करत असे. फक्त अर्ज हातात आला की त्याच्यातला माणूस बाजूला होई.

"तिसरा रकाना कोरा ठेवलाय तुम्ही," भाऊसाहेब म्हणाले. "काम बंद आहे का? हो की नाही?"

"नाही, चालू आहे. पण..."

"'पण'ला रकाना नाही. हो की नाही?"

"नाही."

"मग बदलायचं कशाला?"

"भाऊसाहेब, आता पेटीतली उरलेली एकही डिस्क जाऊन चालणार नाही. आणखी एक गेली तर सगळंच जाईल."

"गेली का आणखी एक?"

"अजून नाही."

"म्हणजे वस्तू बिघडलेली आहे आणि काम बिघडलेलं नाही. आमच्याकडे दोनच वर्ग आहेत. चालू आणि बंद. बिघडण्याच्या बेतात असा वर्ग नाही. तो ठेवला तर या कार्यालयातली कुठली वस्तू त्यात बसणार नाही, सांगा बरं? मीसुद्धा बसेन." भाऊसाहेबांनी अर्ज प्रेमाने परत केला. "बंद पडू द्या. बंद पडलं की या. त्याच दिवशी मंजूर करतो. माझा शब्द."

आता ज्यांचे सगळेच जाणार होते त्यांच्याविषयी सांगायला हवे. कार्यालयात त्यांना मोजणीबाई म्हणत. गेली सव्वीस वर्षे त्या विहिरींवर वर्षातून चार वेळा जात होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत मोजणीची फीत, फितीच्या टोकाला शिशाचे वजन. विहिरीच्या कठड्यावर ओणवे व्हायचे, फीत सोडायची, वजन पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आकडा वाचायचा. पूर्वी या कामावर तिघी होत्या. दोघी निवृत्त झाल्यावर त्यांची पदे गोठवण्यात आली. विहिरी गोठवता आल्या नाहीत, म्हणून एकशे श्याऐंशीच्या एकशे श्याऐंशी बाईंकडे आल्या. तिघींच्या मिळून एकोणीस हजारांहून जास्त नोंदी झाल्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून एकच गोष्ट सांगत होत्या: पाणी खाली चालले आहे. एकशे सत्तेचाळीस नंबरच्या विहिरीचे पाणी बाईंनी पहिल्यांदा मोजले तेव्हा नऊ मीटरवर होते. मागच्या खेपेला ते बावीसवर गेले होते.

दोन महिन्यांनी बाई निवृत्त होणार होत्या. त्याआधी सव्वीस वर्षांचा आलेख अहवालासोबत द्यायचा, तो सिद्ध झाला की नव्या बोअरना बंदी लागणार, असे ठरलेले होते. नियमच तसा आहे: सलग पंचवीस वर्षांच्या नोंदींशिवाय बंदी घालता येत नाही. घरी त्यांचे यजमान चेष्टा करत, "अगं, तू निवृत्त होतेयस, विहिरी नाही होत. काळजी त्यांना करू दे." पण रोज संध्याकाळी त्यांचे पाय चेपून देत आणि आज कुठली विहीर झाली ते विचारत.

"खरं सांग रे," बाईंनी वायरमनला जिन्यात गाठले. "ती शिट्टी कसली होती?"

वायरमनने खरे सांगितले. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पण कागदी रजिस्टरं आहेत ना माझी? तळघरातली?"

ती नव्हती. तीन वर्षांपूर्वी कार्यालय कागदमुक्त झाले होते. रजिस्टरे स्कॅन करून सर्व्हरवर घेतली, कागदाचा लगदा केला, आणि साहेबांनी व्यासपीठावर जाऊन मानचिन्ह स्वीकारले. बाईंना त्या दिवशी विहिरींवर पाठवले होते, त्यामुळे त्यांना समारंभ पाहता आला नाही आणि लगदाही.

"मग दुसरी प्रत तरी असेल. तपासणीच्या वेळी विचारतात ना, प्रत आहे का म्हणून?"

"आहे ना. दर तपासणीला आपण 'आहे' अशीच खूण करतो."

"कुठे आहे?"

"सर्व्हरवरच. 'प्रत' नावाच्या फोल्डरमध्ये."

"म्हणजे घराला आग लागली तर विझवायला म्हणून आणलेली पाण्याची बादली त्याच घरात कुलपात ठेवलीये?"

"गोपनीयतेचा नियम आहे, बाई. माहिती त्या यंत्राबाहेर न्यायची नाही. मी माझी स्वतःची डिस्क आणून त्यावर काढून ठेवतो म्हटलं, तर खाजगी उपकरण आणल्याबद्दल मलाच मेमो मिळाला."

विहिरीतल्या पाण्याची पातळी ही गोष्ट गोपनीय कशी, असा प्रश्न कोणाला पडू शकेल. विहिरीत डोकावणाऱ्या कोणालाही ती कळते. पण डोकावणाऱ्याकडून कार्यालयाला धोका नसतो. आकडा लिहून घेणाऱ्याकडून असतो.

बाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पडद्यावरच्या नोंदी शाळकरी वहीत उतरवायला सुरुवात केली. डबा एका हाताने खायचा, दुसऱ्या हाताने आकडे लिहायचे. नऊ दिवसांत एकतीस विहिरी उतरल्या. दहाव्या दिवशी कागदमुक्ती पथकाची फेरी आली. कागदमुक्त कार्यालयात अर्ज, आदेश आणि मेमो सोडून दुसरा कागद निर्माण करणे हा गंभीर प्रमाद होता, आणि बाईंच्या टेबलावर त्याची दोनशे पाने सापडली. मात्र मजकूर महत्त्वाचा आहे हे पथकाने मोकळ्या मनाने मान्य केले. म्हणून वही काळजीपूर्वक स्कॅन करण्यात आली, स्कॅन सर्व्हरवर सुरक्षित ठेवण्यात आले, आणि वहीचा लगदा करण्यात आला.

वायरमनने कपाळाला हात लावला. बाई मात्र उठल्या आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. सव्वीस वर्षांत त्या खोलीत त्या तीनदा गेल्या होत्या, तिन्ही वेळा सह्या घ्यायला.

"साहेब, मला निरोप समारंभ नको, हार नको, भाषण नको. तेवढी एक डिस्क बदलून द्या."

साहेब हळवे झाले. कोणी काही नको म्हणाले की ते नेहमीच हळवे होत. त्यांनी वायरमनला बोलावले. "नवी डिस्क मागवायला किती दिवस लागतील?"

"मागवायची गरजच नाही, साहेब. सर्व्हर आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन जास्तीच्या डिस्क आल्या होत्या. खाली भांडारात सीलबंद पडल्यात."

"मग इतके दिवस बसवली का नाहीत?"

याचे उत्तर भांडारपालाकडे होते. भांडारपाल वयाने मोठा, सगळे त्याला काका म्हणत. भांडाराचा नियम सोपा होता: जुने द्या, नवे घ्या. जुना बल्ब दिल्याशिवाय नवा बल्ब नाही, जुना खराटा दिल्याशिवाय नवा खराटा नाही. तेव्हा नवी डिस्क हवी तर जुनी काढून द्यायला हवी. पण बसवलेली वस्तू यादीनुसार काकांच्या ताब्यात होती, ती दुसरा कोणी काढू शकत नव्हता. काका काढणार ते लेखी आदेशावर. साहेबांनी तत्काळ आदेशाचा मसुदा मागवला. वायरमनला इतका आनंद झाला की त्याने मसुदा तीनदा लिहून पाहिला.

तीनदा लिहिण्याला कारणही होते. हा सर्व्हर आपल्या डिस्क शून्यापासून मोजत असे: शून्य ते सात. कार्यालयाच्या यादीत मात्र शून्य क्रमांकाची वस्तू असू शकत नाही. एकदा तशी नोंद झाली होती तेव्हा लेखापरीक्षकाने विचारले होते की वस्तू शून्य आहे तर ती आहे की नाही? तेव्हापासून काकांनी आठही डिस्कांवर स्वतःच्या हाताने एक ते आठ असे आकडे चिकटवून ठेवले होते. सर्व्हर सांगत होता, तीन गेली. सर्व्हरची तीन म्हणजे काकांची चार. म्हणून वायरमनने जपून लिहिले: 'तीन क्रमांकाची डिस्क (यंत्राच्या मोजणीनुसार, चिकटवलेला आकडा चार) काढून तिच्या जागी नवी डिस्क द्यावी.'

मसुदा टंकलेखनाला गेला. तिथे जुनी शिस्त होती, आणि चांगली होती: कंसातला मजकूर हे स्पष्टीकरण असते, ते आदेशाचा भाग होत नाही. आदेश सुटसुटीत असावा. साहेबांच्या सहीने खाली आला तो असा: 'तीन क्रमांकाची डिस्क काढून तिच्या जागी नवी डिस्क द्यावी.'

डिस्क काढण्याचा कार्यक्रम गुरुवारी दुपारी तीनला ठरला. काका हातमोजे घालून आले. दोन साक्षीदार लागत होते. एक भाऊसाहेब आणि दुसरे लगदा विभागाचे प्रमुख. मागणी करणारा इसम हितसंबंधी असल्यामुळे त्याला काढणीच्या वेळी खोलीत थांबता येत नाही. वायरमनला नम्रपणे बाहेर काढून काचेचे दार आतून लावण्यात आले. त्याच्या शेजारी बाई येऊन उभ्या राहिल्या.

"लाल दिवा कुठेय रे?" बाईंनी विचारले.

"ती पांढरी पट्टी दिसते ना, 'सुस्थितीत'? तिच्याखाली."

काकांनी आदेश मोठ्याने वाचला. मग चष्मा सारखा करून, वाकून, आकडे पाहिले. एक, दोन, तीन. त्यांचा हात पट्टीच्या अलीकडच्या डिस्कवर थांबला.

"काका, ती नाही!" वायरमनने काचेवर थाप मारली. "काका! पुढची! पट्टीवाली!"

काकांनी वर पाहिले. काचेतून आवाज नीट येत नव्हता. त्यांनी भाऊसाहेबांना विचारले, "काय म्हणतोय?"

"पट्टी म्हणतोय."

"पट्टीवर 'सुस्थितीत' लिहिलंय," काका समजुतीने म्हणाले. "सुस्थितीतली मी कशाला काढू? वेडा आहे का मी?" त्यांनी वायरमनकडे पाहून काळजी करू नको अशी खूण केली, आणि बोटांत घट्ट धरून तीन आकड्याची डिस्क खसकन ओढली.

बटण दाबून गप्प केलेली शिट्टी आता आपली आपण वाजू लागली, आणि या वेळी ती थांबून थांबून वाजत नव्हती. वरच्या मजल्यांवर सगळे पडदे एकदम रिकामे झाले. कोणीतरी जिन्यातून ओरडून विचारले की चहाची वेळ झाली का.

येथे कार्यालयाच्या कार्यक्षमतेविषयी एक चांगला शब्द लिहिणे भाग आहे. भाऊसाहेबांनी शब्द पाळला. खोलीतून बाहेर येता येता त्यांनी वायरमनच्या खिशातला तोच अर्ज काढून घेतला, तिसऱ्या रकान्यात स्वतः 'होय' लिहिले आणि तिथल्या तिथे मंजूर केला. सहा मिनिटांत सहा सह्या झाल्या. "बघा, सांगितलं नव्हतं?" ते म्हणाले. "आता एक का, दोन घ्या."

"भाऊसाहेब, नवी नको," वायरमन घाईघाईने म्हणाला. "आत्ता काढलेली आहे ना, ती धडधाकट आहे. तीच परत बसवू. तशीच बसवली तर अजून सगळं उभं राहू शकतं. कुठेय ती? काका कुठे गेले?"

काका भांडारात गेले होते. वायरमन आणि बाई दोघेही जिना उतरत धावले. बाईंचे गुडघे दुखत होते, तरी त्या मागे राहिल्या नाहीत.

परत आलेल्या डिस्कमधली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून गोपनीयतेच्या नियमानुसार तिला आरपार भोक पाडतात. या कार्यालयात अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, गळका नळ गळत राहतो, खुर्चीचा मोडका पाय वहीच्या तुकड्यावर उभा असतो. पण भोक पाडण्याचे यंत्र नेहमी तेल घातलेले आणि सज्ज असे. ते कधी वेळ लावत नसे. वायरमन दारात पोहोचला तेव्हा काका डिस्क डोळ्यांसमोर धरून, भोकातून उजेड पलीकडे दिसतो का ते पाहत होते.

"दिसतो," ते समाधानाने म्हणाले. "घे तुझी नवी."

बाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. त्या रडल्या, आणि मोठ्याने रडल्या. काकांना फार वाईट वाटले. त्यांनी बाईंसाठी स्वतः पाणी आणले आणि त्यांच्या हाताला ग्लास लावून पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "काय झालं पण? आदेशात तीनच होतं ना?"

चौकशी समिती नेमण्यात आली. समितीत साहेब, भाऊसाहेब, काका आणि लगदा प्रमुख होते. झाले काय हे त्यांनाच प्रत्यक्ष माहीत असल्यामुळे बाहेरचा माणूस घेण्याचे कारण नव्हते. समितीने निष्कर्ष काढला की आदेश बरोबर होता, अंमलबजावणी आदेशाप्रमाणे झाली, साक्षीदार हजर होते, विल्हेवाट मुदतीत लागली. चूक झालेली दिसत नाही. माहिती नष्ट झाली असे म्हणणे योग्य नसून ती 'सध्याच्या स्वरूपात उपलब्ध नाही' असे म्हणावे. जुन्या डिस्क जतन करून कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवाव्यात, ही वायरमनची सूचना कंसात नोंदवण्यात आली.

आता वार्षिक तक्ता कशावरून भरायचा, हा प्रश्न उरला. बाई म्हणाल्या, "मला बऱ्याच तोंडपाठ आहेत. एकशे सत्तेचाळीस सांगू? पहिल्या वर्षी नऊ, दुसऱ्या वर्षी साडेनऊ, मग दोन वर्षं दहा..."

"बाई, तुमच्याबद्दल आदर आहेच," साहेब म्हणाले. "पण स्मरणशक्ती हे मान्यताप्राप्त साठवणुकीचं साधन नाही."

मान्यताप्राप्त असा एकच आकडा सापडला. कागदमुक्तीच्या समारंभात गुळगुळीत कागदावर छापलेली एक पुस्तिका वाटली होती; तिच्या मलपृष्ठावर, साहेबांच्या फोटोखाली, आपल्या क्षेत्रातल्या विहिरींची पाणीपातळी सरासरी नऊ मीटर असल्याचे छापले होते. हा आकडा फार जुना आहे, बाईंच्या नोकरीच्या पहिल्या वर्षाचा आहे, असे बाईंनी परोपरीने सांगितले. जुना म्हणजे अनुभवी, असे लगदा प्रमुख म्हणाले. एकशे श्याऐंशी विहिरी, सव्वीस वर्षे, वर्षाला चार नोंदी: सगळीकडे नऊ मीटर भरण्यात आले. काम एका दुपारीत संपले. इतका सुसंगत तक्ता आजवर कोणत्याही कार्यालयाने दिला नव्हता, असा वरून शेरा आला. नव्या बोअरवर बंदी घालण्याचा प्रश्नच निकाली निघाला, कारण सव्वीस वर्षांत ज्या पाण्याने जागा सोडली नाही ते आता कुठे जाणार?

बाईंच्या नोकरीचे अकरा दिवस उरले होते. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि एकशे सत्तेचाळीसवर गेल्या. वायरमन रजा टाकून त्यांच्याबरोबर गेला. बाईंनी फीत सोडली. ती सोडत सोडत बराच वेळ गेला, तेव्हा कुठे खालून आवाज आला. तेवीस मीटर.

संगणकाने नोंद घेतली नाही. 'अमान्य. मागील सव्वीस वर्षांच्या नोंदींशी विसंगत,' असे पडद्यावर आले.

"बरोबरच आहे," साहेब म्हणाले. "ही विहीर सव्वीस वर्षांत एक सेंटिमीटर हलली नाही. तुम्ही गेलात आणि एकदम तेवीस? फीत तपासून घ्या."

फीत तपासली. ती अचूक होती. बाईंचे डोळे तपासले. ते ठीक होते. मग चुकीचे राहिले कोण, तर विहीर. तिच्या मालकाला नोटीस गेली की आपल्या विहिरीतील पाणी अभिलेखाशी जुळत नसल्याचे निदर्शनास आले आहे. तरी ते पंधरा दिवसांत नऊ मीटरवर आणावे, अन्यथा विहीर यादीतून कमी करण्यात येईल.

निरोप समारंभ झालाच. हार झाला, भाषणही झाले. बाईंना त्यांच्या सव्वीस वर्षांच्या कामाचा आलेख चौकटीत बसवून भेट देण्यात आला. काचेमागे डावीकडून उजवीकडे गेलेली एक सरळ रेघ होती. बाईंनी ती भिंतीला लावली नाही. यजमानांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "असली रेघ दवाखान्यातल्या पडद्यावर दिसली ना, तर लोक डॉक्टरला हाका मारत धावतात. इथे त्यांनी टाळ्या वाजवल्या हो."

वाचकहो, आपण इथपर्यंत हसत आला असाल. साहेब, भाऊसाहेब आणि काका यांच्याविषयी आपले मत बनले असेल. पण कार्यालयाच्या वतीने एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे होईल. तो तक्ता कायम करण्यापूर्वी पंधरा दिवस सूचनाफलकावर लावला होता. ज्या कोणाला आपल्याकडचे पाणी नऊ मीटरवर नाही असे वाटते, त्याने एक ओळ लिहून द्यावी, असे त्यावर ठळक अक्षरात म्हटले होते. फलक प्रवेशद्वारातच आहे. त्या पंधरा दिवसांत आपण दोनदा तिथे आला होता, नव्या बोअरच्या परवानगीसाठी; फलकाला पाठ टेकून पाऊण तास रांगेत उभे होता, आणि परवानगी लगेच मिळाली म्हणून खूश होऊन गेलात. हरकत एकही आली नाही. तक्ता सर्वानुमते मंजूर झाला, आणि त्या सर्वांत आपण आहात. तेव्हा उद्या सकाळी आपली मोटर नुसतीच घरघरू लागली, तर कृपया इकडे येऊन वायरमनवर ओरडू नये. आपल्या विहिरीत भरपूर पाणी आहे, आणि ते आपणच मान्य केलेले आहे.